लग्न पाहावे करून, कार्यालय पाहावे मोजून

भोगीच्या दिवशी सोलापूरच्या संमती कट्ट्यावर जे लग्न लागते, त्याला निमंत्रणपत्रिका नसते. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, शुभ्र बाराबंदी ल्यालेले भाविक ते पेलत सिद्धेश्वर तलावाच्या काठी येतात, संमतीचे वाचन होते आणि जमलेला अफाट जनसमुदाय एकाच वेळी अक्षता टाकतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचा झालेला हा विवाह. ती रोज त्यांच्या अंगणात सडा घालून रांगोळी काढीत असे, तिने लग्नाची इच्छा धरली. विरक्त योग्याने आपला दंड पुढे केला आणि तिची इच्छा पुरविली, अशी कथा आहे. वऱ्हाडी किती येणार, हे या लग्नात कोणी विचारीत नाही. वर आभाळ आहे, खाली कट्टा आहे, अंगावरचा पोशाख सर्वांचा सारखा आहे.

हे लग्न पौषात लागते, हीही एक मौज आहे. आमच्या पंचांगातील विवाहमुहूर्तांच्या पानावर पौष बहुधा रिकामा असतो. ज्या महिन्यात घरोघरची लग्ने थांबतात, त्याच महिन्यात सोलापूरच्या ग्रामदैवताचे लग्न गर्जत लागते. मात्र या थांबलेल्या महिन्यातच पुढच्या लग्नांची खरी धावपळ होते. संक्रांतीचे तिळगूळ वाटता वाटता मुलीचा बाप दबक्या आवाजात विचारतो, "बुवा, माघात तारीख आहे का? आणि कार्यालय कोठे मिळेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात असते. दुसऱ्याचे कोठेच नसते. म्हणून यात्रेच्या या पानावर, देवाच्या लग्नाचे वर्णन इतरांनी पुष्कळ केलेले असल्यामुळे, आम्ही माणसांच्या लग्नाच्या जागेविषयी चार गोष्टी लिहिण्याचे योजिले आहे. कीर्तनकाराने हिशेबाच्या वहीत नाक खुपसू नये, असे काही वाचक म्हणतील. पण गेली चाळीस वर्षे रुक्मिणीस्वयंवराचे आख्यान लावीत आणि मंगलाष्टके म्हणत आम्ही जितकी कार्यालये पाहिली, तितकी एखाद्या आचाऱ्यानेही पाहिली नसतील.

आमच्या अक्कलकोटहून सोलापूरला जाताना शहर येण्यापूर्वी कुंभारी लागते. गावाच्या नावावरून सिद्धरामांच्या कुंभारकन्येचे माहेर हेच असावे, असा तर्क करण्याचा मोह अनेकांना होतो, आम्हांसही होतो. परंतु केवळ नादसाम्यावरून इतिहास रचता येत नाही, एवढे व्याकरणाने शिकविले असल्यामुळे तो मोह आम्ही आवरतो. आज कुंभारीचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले आहे ते तेथील कामगार वसाहतींमुळे. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली सुमारे दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन झाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर योजिले गेले. त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. या दोन्ही खटाटोपांमागे नरसय्या आडम मास्तरांची आणि त्यांच्या संघटनेची अनेक वर्षांची चिकाटी होती, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू या चारही भाषा तेथे एका नळावर ऐकू येतात.

घर मिळाले ही केवढी गोष्ट! परंतु घर मिळाल्याने लग्नाचा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहिला. पूर्वी गावठाणातील घरासमोर चार वासे रोवून मांडव घालता येत असे. शेजाऱ्यांच्या ओसऱ्या हीच जानवसघरे, गल्ली हीच भोजनशाळा. घरापुढचे अंगणच जेथे उरले नाही, जेथे घर जिन्यावरच्या मजल्यावर आहे, तेथे मांडव कोठे घालावयाचा? कालिदासाच्या कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नासाठी हिमवानाने आपले अवघे ओषधिप्रस्थ नगर शृंगारले. रघुवंशात अज नगरात प्रवेश करतो तेव्हा त्याला पाहण्यासाठी स्त्रिया अर्धवट वेण्या तशाच टाकून गवाक्षांकडे धावतात. त्या थोर मंडळींना कार्यालय शोधावे लागले नाही, अनामत भरावी लागली नाही. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाला आणि विड्या वळणाऱ्या आईला ते करावे लागते.

गतवर्षी अशाच एका कुटुंबाने आम्हांस सोबतीला नेले. मुलीची आई तेलुगू, वडिलांकडचे मराठी उत्तम. मुलगा अक्कलकोट तालुक्यातला. मुहूर्त आम्ही काढून दिला होता, म्हणून जागा पाहावयासही आम्हीच यावे, असा त्या माउलीचा आग्रह. "बुवा, आकडा ते सांगतील आणि मी मान डोलवीन. तुम्ही असलात तर चार शब्द विचाराल," असे ती म्हणाली. त्या कुटुंबाजवळ जागा आणि भोजन मिळून एक लाख वीस हजार रुपये होते. त्यापलीकडे एक रुपया लागला तर तो कर्जाचा होता, आणि गटाचे आधीचे कर्ज अद्याप फिटावयाचे होते. आमचे लेखन या मर्यादेतच समजावे. ज्यांची मर्यादा कोटींची आहे, त्यांनी पुढील मजकूर वाचला नाही तरी चालेल.

पहिली जागा महामार्गालगतची, हिरवळीची. कमान, कारंजे, पायऱ्यांवर गालिचा. भाडे ऐकून आई थोडी सुखावली, कारण ते तिच्या तर्कापेक्षा कमी होते. येथेच खरी मेख असते. कार्यालयाचे भाडे हा कार्यालयाचा खर्च नव्हे. वाचकांच्या सोयीसाठी आम्ही येथे ठोकळ आकडे धरतो. त्यांत आपापल्या गावचे आकडे घालून पाहावेत. समजा, भाडे ५० हजार. जेवण त्यांच्याच कंत्राटदाराकडून घ्यावयाचे, ताट २०० रुपये, आणि माणसे कमी आली तरी किमान ४०० ताटांचे पैसे द्यावयाचे, म्हणजे ८० हजार. सजावट बाहेरच्याने करावयाची नाही, त्यांची सजावट २५ हजार. विजेचे एकक निराळे, जनित्राचे तेल निराळे, मिळून ८ हजार. सफाईचे ५ हजार. भाड्यावर वस्तू व सेवा कर शेकडा १८, तो ९ हजार. बेरीज १ लाख ७७ हजार झाली. म्हणजे माणशी ४४२ रुपये ५० पैसे. ज्या भाड्याने आई सुखावली होती, ते या बेरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते!

दुसरी जागा साधी. पत्र्याचे छप्पर, शेजारी उघडी मोरी, मागे चुलाणांसाठी शेड. भाडे समजा १२ हजार, भांडी त्यांतच. आचारी आपला. किराणा, भाजी व दूध माणशी ९० धरले तर ४०० जणांचे ३६ हजार. आचारी, मदतनीस आणि वाढपी १४ हजार. बाहेरचा मांडव व खुर्च्या १० हजार. पाण्याचे दोन टँकर ३ हजार. वीज व जनित्र ५ हजार. एकूण ८० हजार, माणशी २०० रुपये. शिल्लक ४० हजार. त्या शिल्लकीत वऱ्हाडाच्या गाड्या येतात, आहेराची लुगडी येतात, आणि मुख्य म्हणजे कर्ज टळते.

परंतु केवळ स्वस्त म्हणून दुसरी जागा घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. स्वस्त जागेची किंमत पैशांत नव्हे तर वेळात आणि उन्हात मोजावी लागते. पंगतीत बसणाऱ्या माणसाला रुंदीला दोन फूट तरी हवेत. शंभर माणसांना दोनशे फूट लांबी लागते, म्हणजे पन्नास फुटांच्या चार रांगा, आणि वाढप्याला जाण्यायेण्याची वाट निराळी. हे पावलांनी मोजता येते; आम्ही मोजले. त्या दालनात एका वेळी शंभरच बसू शकत होते. एका पंगतीला, पाने मांडण्यापासून उष्टी उचलण्यापर्यंत, चाळीस मिनिटे धरली तर चारशे जणांच्या चार पंगतींना दोन तास चाळीस मिनिटे लागणार. अक्षता साडेबाराला पडल्या तर शेवटची पंगत उठेपर्यंत सव्वातीन वाजणार. माघात हे निभते. चैत्र-वैशाखात सोलापूरच्या उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या वर असताना पत्र्याखाली तिसऱ्या पंगतीची वाट पाहणारे म्हातारे वऱ्हाडी नवरानवरीला काय आशीर्वाद देतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे शास्त्राचा एक गैरसमज दूर करणे आमचे कर्तव्य आहे. अक्षता पडल्याखेरीज कोणीही जेवू नये, असे पुष्कळ घरांत मानतात. उपवास कन्यादान करणाऱ्या मातापित्यांचा असतो. पाहुण्यांनीही उपाशी राहावे, असे आम्ही अभ्यासलेल्या गृह्यसूत्रांत आम्हांस आढळले नाही. मुले, वृद्ध, मधुमेही आणि दूर जाणारे यांची एक पंगत मुहूर्तापूर्वी उठवावी. त्याने धर्म बुडत नाही आणि दालन एका पंगतीने मोकळे होते. आश्वलायनाने तर विवाहप्रकरणात आरंभीच सांगून ठेवले आहे की प्रदेशांचे आणि गावांचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहात ते पाळावेत. एवढ्या उदार ऋषीच्या नावावर आपण आपली गैरसोय का खपवावी?

विधीला जागा किती लागते? होमाचे स्थंडिल, त्याभोवती सात पावलांपुरती मोकळीक, शिळेवर पाय ठेवावयास एक कोपरा, लाजाहोमाचे सूप. घरातील मधल्या खोलीत हे सारे मावते. बाकीची सर्व जागा भोजनाला आणि भेटीगाठींना लागते. ज्यांच्यात हे विधी नाहीत, त्यांनाही भोजन आहेच. रे नगरातील आमचे मुसलमान शेजारी सांगतात की निकाहाला साक्षीदार हवेत, आणि वलीमा हे वरपक्षाचे जेवण. त्याचा भार वधूच्या बापावर नाही. हे ऐकून मुलीच्या वडिलांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरलो नाही. आपल्यातही दोन्ही बाजूंनी खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याची चाल अनेक घरांत रुळली आहे. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पाचशे वऱ्हाड्यांची हिरवळ मागणे हा हुंड्याचाच सोज्वळ अवतार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला जितकी माणसे आणावयाची आहेत, त्याने तितकी ताटे भरावीत. ही एक अट घातली की याद्या किती झपाट्याने आखडतात, ते पाहण्यासारखे असते.

यादीचा विषय निघाला म्हणून सांगतो. जागा पाहण्यापूर्वी माणसे मोजली पाहिजेत. लोक उलटे करतात. आधी दालन ठरते, मग ते रिकामे दिसू नये म्हणून आवतणी वाढतात. त्या कुटुंबाने प्रथम साडेसहाशे नावे लिहिली होती. आम्ही त्यांना एवढेच विचारले की यांतील कोणाच्या घरी गेल्या पाच वर्षांत तुम्ही पाऊल टाकले आहे? रात्री जिन्यात बसून मायलेकींनी यादी पुन्हा लिहिली, ती चारशेदहावर आली. एप्रिल २०२१ मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात लग्नाला फक्त पंचवीस माणसांची आणि दोन तासांची मुभा होती, हे वाचकांस स्मरत असेल. त्या दिवसांत लागलेली लग्नेही टिकली आहेत आणि त्यांतील कित्येकांची बारशीही आम्ही खाल्ली आहेत. त्याही मागे गेलो तर २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीने लागलेला पहिला विवाह आठवतो. राधा आणि सीताराम जबाजी आल्हाट यांचा. सावित्रीबाई फुल्यांनी त्यात पुढाकार घेतला होता आणि पानसुपारीखेरीज खर्च झाला नव्हता, असे सांगतात. आम्ही परंपरेने होमहवनवाले. पण त्या पानसुपारीपुढे मान लववावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

मुहूर्त आणि भाडे यांचेही नाते आहे. ज्या रविवारी मुहूर्त असतो, त्या दिवशी चांगल्या कार्यालयाला तीन गिऱ्हाईके असतात, आणि मालक भाव वाढवितो यात त्याचा दोष नाही. सोलापुरातूनच प्रसिद्ध होणारे दाते पंचांग उघडून पाहा. मुहूर्त मंगळवारचेही असतात, बुधवारचेही असतात. ते आमच्या दृष्टीने रविवारच्या मुहूर्ताइतकेच चोख. ग्रहांना सुट्टीचा वार ठाऊक नाही. आम्ही त्या कुटुंबाला फाल्गुनातील बुधवार सुचविला. यंत्रमागाच्या एका दिवसाच्या पाळीचे नुकसान भाड्यातील सवलतीपेक्षा कमी होते, हा हिशेब मुलीच्या धाकट्या भावाने बोटांवर करून दाखविला. मुलाकडच्यांनी थोडी कुरकुर केली. नोकरदार पाहुणे येणार नाहीत म्हणाले. न येणाऱ्या प्रत्येक नोकरदारामागे एक ताट वाचत होते, हे आम्ही मनातच म्हटले.

पाहणीची वेळही महत्त्वाची. सायंकाळी दिव्यांच्या झगमगाटात कोणतेही कार्यालय इंद्रसभेसारखे दिसते. ते दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, शक्य तर दुसऱ्या कोणाचे लग्न चालू असताना पाहावे. दर्शनी बाजूने आत जाऊ नये. मागील दाराने, भटारखान्याकडून जावे. पाण्याची टाकी केवढी आहे, ती भरते कशाने, मोरीचे पाणी कोठे जाते, हे पाहावे. सोलापूर परिसरात रोज पाणी येण्याचे भाग्य सर्वांना नाही. तेव्हा टँकर कोणी आणावयाचा, हे आधीच ठरावे. स्त्रियांच्या खोलीला आतून कडी आहे का, हा प्रश्न पुरुष कधी विचारीत नाहीत. शौचालये किती आणि त्यांत पाणी आहे का, हेही तसेच. त्या दुसऱ्या कार्यालयात वधूच्या खोलीची कडी मोडलेली होती. मुलीच्या आईनेच ती दाखविली आणि लग्नाआधी नवी बसविण्याचे व्यवस्थापकाकडून वदवून घेतले. तोवर मान डोलविणारी ती माउली त्या क्षणापासून बोलू लागली, आणि पुढे आमची फारशी गरज उरली नाही.

दारे किती आहेत, हे आम्ही मात्र आग्रहाने मोजतो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियानातील डबवाली येथे एका विवाह-मंडपगृहात शाळेचा समारंभ चालू असताना आग लागली. वर शामियाना होता, बाहेर पडावयाची वाट अरुंद होती, चारशेहून अधिक जीव गेले. २३ जानेवारी २००४ रोजी श्रीरंगम या आमच्यासारख्याच देवस्थानच्या गावी लग्नाच्या कार्यालयाच्या गच्चीवरील झावळ्यांच्या मांडवाने पेट घेतला. पन्नासहून अधिक माणसे गेली, त्यांत नवरदेवही होता. मंगलकार्याच्या लेखात हे लिहिणे अशुभ वाटेल. परंतु मांडवाच्या कापडाखालून विजेच्या तारा कशा नेल्या आहेत, दुसरे दार कुलूपबंद आहे की उघडे, आणि ते खुर्च्यांच्या चळतीमागे दडले आहे का, हे पाहिल्याशिवाय आम्ही अंतरपाट धरावयास उभे राहत नाही. भटारखान्याची शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब असावी. गॅसच्या टाक्या उन्हात ठेवू नयेत. याला पैसा लागत नाही, डोळे लागतात.

मोकळ्या हिरवळीचे एक भय निराळे आहे, ते वळिवाचे. चैत्र-वैशाखात दुपारी कडक ऊन आणि पाचच्या सुमारास वारा, धूळ व पाऊस, हा आमच्या भागाचा नित्याचा खेळ. गोरज मुहूर्ताच्या लग्नात वाढलेली ताटे घेऊन वऱ्हाडी पळताना आम्ही पाहिले आहेत. हिरवळ घ्यावयाची असेल तर पावसात चारशे माणसे उभी राहतील एवढे पक्के छप्पर तेथे आहे का, ते विचारावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा २००० सालच्या नियमांचा निर्बंध आहे. रात्रीचा समारंभ ठरविणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. त्या ध्वनिक्षेपकाच्या भिंतींविषयी आम्ही येथे लिहीत नाही. लिहिले तर यात्रेचे हे पान अपुरे पडेल.

तोंडी बोलणे आणि पावती यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. आमच्या परिचयाच्या एका घरी असे झाले की दिवस ठरला, पैसे दिले, पावतीवर तारीख होती पण वेळ नव्हती. व्यवस्थापकाने तोच दिवस सकाळ आणि संध्याकाळ असा दोघांना दिला होता. दुपारी चारला, शेवटची पंगत पानावर असताना, दुसऱ्या लग्नाचे सजावटवाले शिड्या घेऊन आत आले. वधूची पाठवणी शिड्यांमधून झाली. म्हणून पावतीवर इंग्रजी तारीख आणि तिथी दोन्ही असाव्यात. ताबा कोणत्या वाजता, सोडणे कोणत्या वाजता, हे असावे. भाड्यात काय आहे आणि काय नाही, कर धरला आहे की वेगळा, किमान ताटांची अट आहे का, अनामत किती दिवसांत परत, घरात मृत्यू घडून सुतक आल्यास भरलेल्या रकमेचे काय, हे सारे लेखी असावे. सुतकाचा उल्लेख करावयास लोक कचरतात. पण ज्या घरात नव्वदीची आजी आहे, त्या घराने तो प्रश्न मनात ठेवून भागत नाही. व्यवस्थापक सभ्य असेल तर त्यात वावगे काही मानीत नाही.

यांहून स्वस्त वाटा आहेत, आणि त्या हलक्या नाहीत. ग्रामपंचायतीचे सभागृह, समाजमंदिर, वैशाखाच्या सुट्टीत शाळेचे पटांगण, हे अनेक गावांत रीतसर अर्ज करून मिळते. सामूहिक विवाहाला शासनाची शुभमंगल योजना आहे. सामूहिक विवाह म्हटले की काही पालकांचा चेहरा उतरतो; आपल्या मुलीचे लग्न रांगेत लागले असे त्यांना वाटते. रांग चांगली की वाईट हे ती लावणाऱ्यावर अवलंबून असते. जेथे प्रत्येक जोडप्याचे नाव नीट घेतले जाते, आईबापांना पुढे बसविले जाते आणि पुढाऱ्यांची भाषणे मंगलाष्टकांपेक्षा लांबत नाहीत, अशा समारंभांत आम्ही आनंदाने उभे राहिलो आहोत. जेथे फलकावर देणगीदारांची छायाचित्रे वधूवरांपेक्षा मोठी होती, तेथून लवकर परतलो आहोत. आणखी एक वाट म्हणजे घरात दहा माणसांत विधी उरकून, विवाहाची नोंदणी करून, सोयीच्या दिवशी आप्तांना जेवू घालणे. आमच्या अक्कलकोटात स्वामींचे दर्शन घेऊन अन्नछत्रात प्रसाद घेणारी नवी जोडपी आम्ही पाहतो. तेथे भाविक म्हणून जावे. चारशे वऱ्हाडी घेऊन जाऊन आपली पंगत म्हणून बसू नये, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण तसे करणारे भेटतात.

भोजनाविषयी थोडे. श्रीहर्षाच्या नैषधात नलदमयंतीच्या लग्नाच्या पंगतीला सर्गाचा मोठा भाग लागला आहे. पदार्थ किती आणि थट्टा किती! पण त्या पंगतीची गोडी पदार्थांच्या संख्येत आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. ती वाढणाऱ्यांच्या आणि जेवणाऱ्यांच्या विनोदात आहे. आपल्याकडे ताटाचा भाव वाढतो तो शेवटच्या चारपाच जिनसांनी. गव्हाची हुग्गी आणि वर तूप, मसालेभात, एक रसभाजी, एक कोरडी भाजी, शेंगांची चटणी, कोशिंबीर, पुऱ्या, मठ्ठा एवढ्यावर या भागातील माणूस तृप्त होऊन उठतो. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीत वेळ वाचतो हे खरे. ताटात टाकलेले अन्न मात्र अधिक राहते, असे आचारी सांगतात आणि उकिरडाही तेच सांगतो. मधली वाट म्हणून टेबलांवर पंगत बसवून वाढणे आम्हांस पसंत आहे. भावकीतील पोरांनी वाढले तर वाढप्यांची मजुरीही वाचते. पण ती पोरे तिसऱ्या पंगतीला दिसेनाशी होतात, हा अनुभव असल्यामुळे चार वाढपी तरी पैसे देऊन ठेवावेत.

त्या कुटुंबाने शेवटी दुसरीच जागा घेतली. पण जशीच्या तशी नव्हे. पत्र्याखाली बांबूच्या चटया बांधून घ्यावयाच्या, बाहेर सावलीचा मांडव थोडा मोठा करावयाचा, आणि मुहूर्त साडेबाराऐवजी सकाळी दहा वाजून काही मिनिटांचा घ्यावयाचा, असे ठरले. पंचांगात त्या दिवशी सकाळचाही मुहूर्त होता, म्हणून आम्हांस काही ओढाताण करावी लागली नाही. मुलाच्या मामांनी फोनवर एकदा विचारले, "कमान असणार आहे ना?" मुलीच्या आईने उत्तर दिले, "दादा, केळीचे खांब आहेत, आणि जेवण गरम आहे." त्यांनी पुढे विचारले नाही. फाल्गुनातल्या त्या बुधवारी शेवटची पंगत एक वाजून पंचवीस मिनिटांनी उठली. तीनशेऐंशी पाने झाली. उरलेला मसालेभात दोन पातेल्यांत भरून वसाहतीत गेला, आणि चार दिवसांनी अनामत परत आणावयास मुलीची आई एकटीच गेली. पावती तिने पदराच्या गाठीत बांधली होती.